सेफ्टी लावलेली होती

इलेक्शन संपली. खानापूरच्या ठाण्यातून
बंदुका सुटून आपापल्या घरी निघाल्या,
दस्त्याला सुतळी, सुतळीला पुठ्ठा, त्यावर कन्नडात नंबर,
आणि नळीत दोन महिन्यांचा गंज.
त्यातल्या निम्म्या आधी माझ्या दुकानात येतात.

हीही आली, टॉवेलात गुंडाळून.
आणणारा जांबोटीकडचा. सातेरी.
पायरी चढताना त्याचा उजवा गुडघा वाकला नाही
तेव्हा मी दोघांनाही ओळखलं.

पीक राखायचं लायसन, आज्याच्या नावानं निघालेलं.
मारायचं काही नाही. गवे भातात उतरले
की आभाळात एक बार, एवढंच.
त्या पहाटे काका माळ्यावर, सातेरी खाली.
काकानं पट्टा धरून बंदूक खाली सोडली,
नळी खाली.
बांबूच्या पायरीला दस्ता ठेचला.

पोरगं चिखलात लोळत होतं तेव्हा काकाचं पहिलं वाक्य:
'सेफ्टी लावलेली होती गा.'
फौजदाराला तेच. बेळगावच्या इस्पितळात तेच.
अजून जेवताना घास थांबवून तेच.
आणि तो खोटं बोलत नाही.

खटका चिमटीएवढा. एस आणि एफ झिजून गेलेले,
काकानं तिथं बायकोच्या नखपॉलिशचा ठिपका दिलेला:
लाल दिसलं की जागी.
मी लाल झाकलं. चाप दाबला. दगड.
मग लाकडी हातोडीनं दस्त्यावर टकटक केलं.
तिसऱ्या ठोक्याला
पिन आपली आपण पुढं गेली.
शेजारच्या खोलीत कुणी बोट मोडावं, एवढाच आवाज.

'हे बघ,' मी म्हटलं, 'खटका धरतो तो चापाला.
पिनेला धरते ती ही खाच, नखाच्या कडेएवढी.
हिची धार गेली की बोट लागतच नाही.
खटका बोटाला नको म्हणतो.
पडण्याला, झिजण्याला, थंडीत थिजलेल्या तेलाला
नको म्हणायला त्याला कुणी शिकवलेलं नाही.'

सातेरी खाचेकडं बघत राहिला.
'गेल्या साली तुम्हीच बघितलासा की हिला.'

पावतीबुक काढलं. कार्बनची निळी प्रत, माझं अक्षर.
तेल. साफसफाई. सेफ्टी ओके. दोनशे चाळीस रुपये.
खटका पुढंमागं केला होता, चाप दाबून बघितला होता,
हातोडी घेतली नव्हती.
आणि वर म्हणालो होतो, आठवतंय,
'पोराच्या हातात दिलासा तरी काय होत नाही.'

बावीस वर्षं काढली मी पलटणीच्या शस्त्रागारात.
तिथं कुणी नुसतं 'सेफ्टी लावलीय' म्हणालं
तर उस्ताद मैदानाला दोन फेऱ्या मारायला लावायचा.
म्हणायचा, ती दाराची कडी आहे रे,
आणि चोर आत बसलाय.
आधी बोल्ट मागं, करंगळी आत, रिकामी आहे का बघ.
मग शेजारच्याला दाखव. मग त्यानं बघायचं.
आणि नळी, भरलेली असो नसो,
ज्याला परत बघायचंय त्याच्याकडं कधी नाही.
गिऱ्हाइकाला एवढं कोण सांगतो?
त्याला झोप हवी असते. मी ती विकली.

खाच नवी बसवली, दोन दिवस कानस चालवून.
पैसे नको म्हटलं. तो ऐकेना.
पावतीवर मात्र अडलो.
'सेफ्टी ठीक' लिहिलं, खोडलं.
खाली लिहिलं: भरलेली द्यायची नाही. घ्यायची नाही.
घेऊन चढायचं नाही. उतरायचं नाही.
कन्नडातही लिहिलं. काकाची शाळा कन्नड.

बंदूक त्याच्या समोरच जोडली होती,
एकेक सुटा भाग त्यानं हातात घेऊन बघितलेला,
दुकानात काडतूस एकही नाही.
तरी सातेरीनं नळी भिंतीकडं वळवली,
बोल्ट मागं ओढला, करंगळी आत घातली.
मग माझ्याकडं बघून थांबला.

मी चष्मा लावला.
वाकून बघितलं.